नंबरी नर्तक

चष्मा हा प्रेक्षकाचा अवयव आहे. सवाई गंधर्वला मांडी घालून बसल्यावर गवयाच्या कपाळावरच्या आठ्या टिपायला, बालगंधर्वच्या शेवटच्या रांगेतून नायिकेचं खरं वय हेरायला, मेहुणीच्या मुलीच्या अरंगेत्रमला ‘अंग अजून मोकळं नाही झालेलं’ असं शेजाऱ्याच्या कानात सांगायला तो लागतो. चष्मेवाल्यांनी खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी रंगमंचावर जायचं, अशी आपल्याकडची पिढीजात वाटणी आहे. ही वाटणी मोडून जो गृहस्थ एका अनोळखी बाईचा हात हातात घेतो आणि घामेजलेल्या नाकावरून मायनस सहाचा चष्मा घसरत असताना स्पॅनिश गाण्यावर कंबर हलवू पाहतो, त्याला मी नंबरी नर्तक म्हणतो. बाई अनोळखी असते हे एक वेळ ठीक. त्याला स्वतःची कंबरसुद्धा तोवर अनोळखीच असते.

नंबरी शनिवारी सापडतो. बाणेर, विमाननगर, कोरेगाव पार्क इथल्या एखाद्या कॅफेनं रात्री टेबलं भिंतीला लावली की समजावं, आज ‘सोशल’ आहे. सोशल म्हणजे शिकवणी नव्हे, शिकलेलं खर्च करायची जागा. कुणीही कुणालाही विचारावं, एक गाणं नाचावं, ‘थँक यू’ म्हणावं आणि पुढचा जोडीदार शोधावा. साल्सा, बचाता, किझोंबा आलटूनपालटून लागतात. नंबरी जाहीर केलेल्या वेळेला येतो, म्हणजे तो येतो तेव्हा फक्त फरशी पुसणारा आलेला असतो. पाठीला लॅपटॉपची बॅग. तिच्यात नाचाचे बूट, दोन जादा टी-शर्ट, डिओडरंट, पुदिन्याच्या गोळ्या आणि चष्मा पुसायची फडकी, एक ओलं, एक कोरडं, एक अडीअडचणीला.

तो इथं कसा आला याच्या दोन-तीनच कथा असतात. कंपनीच्या एचआरनं ‘वेलनेस’च्या नावाखाली तासभर साल्सा ठेवलेला असतो, किंवा हाडांच्या डॉक्टरांनी ‘दिवसभर खुर्चीत बसू नका’ म्हटलेलं असतं, किंवा ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. तिसरी कथा तो सांगत नाही. पहिल्या दोन मात्र इतक्या उत्साहानं सांगतो की ऐकणाऱ्याला तिसरी आपोआप कळते.

पहिल्या दिवशी शिक्षक ‘वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन’ असं मोजतो आणि सगळे पाय हलवू लागतात. नंबरी हात वर करतो. ‘चारचं काय झालं?’ चारला आणि आठला पाऊल टाकायचं नसतं, तिथं थांबायचं, असं शिक्षक सांगतो. नंबरीचं समाधान होत नाही. गहाळ आकड्याचा हिशेब लागल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे त्याच्या रक्तात आहे. घरी जाऊन तो रात्री दोनपर्यंत वाचतो आणि पुढच्या शनिवारी शिक्षकापेक्षा जास्त माहिती घेऊन येतो. साल्सा हे नाव न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांत कसं रुजलं, जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ साली फानिया रेकॉर्ड्स कशी काढली, पहिल्या ठोक्यावर दिशा बदलणारे आणि दुसऱ्या ठोक्यावर बदलणारे यांच्यात भांडण काय, त्या दुसऱ्या पंथात एडी टोरेस यांचं स्थान काय, युनेस्कोनं टँगोला २००९ साली आणि बचाताला २०१९ साली वारशाच्या यादीत घेतलं ते कशाच्या आधारावर, हे सगळं तो वॉटर कूलरपाशी उभा राहून सांगतो. लोक पाणी न पिता परत जातात. लेखी परीक्षेत नंबरी पहिला. तोंडी परीक्षेत तर त्याला थांबवावं लागतं. प्रॅक्टिकलला मात्र चष्मा आडवा येतो.

इथं थोडं यंत्रशास्त्र समजून घ्यायला हवं. जोडीनं नाचताना ‘लीड’ करणाऱ्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात असतो आणि त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर, डाव्या फऱ्याशी. म्हणजे दोन्ही हात कामावर. जादा हात देवानं फक्त देवांना दिले. दुसऱ्या गाण्याला घाम सुटतो, नाकाचा उतार ओला होतो आणि चष्मा खाली निघतो. एरवी माणूस बोटानं तो वर ढकलतो आणि आपण ढकलला हे विसरूनही जातो. इथं बोटं गुंतलेली. मग नंबरी नाक आक्रसून बघतो. नाक आक्रसलं की वरचा ओठ उचलला जातो आणि दात दिसतात. समोरच्या मुलीला वाटतं, हा आपल्याकडे बघून हसला. ती हसते. हा घाबरतो आणि ठोका चुकतो. मग तो हनुवटी वर करतो, घसरलेल्या काचांतून निदान काहीतरी दिसावं म्हणून; आता त्याच्याकडे पाहून वाटतं, या हॉलमधल्या एकूण सगळ्यांबद्दलच याचं मत वाईट आहे. खांद्यानं चष्मा ढकलायचाही एक मार्ग आहे, पण तो कुणी दुसऱ्यांदा वापरत नाही. खांदा वर गेला की तिला गिरकीचा इशारा मिळतो, ती इमानेइतबारे गिरकी घेते आणि तिचं कोपर नेमकं चष्म्याच्या उंचीवरून जातं.

शेवटी त्याला तोड सापडते. ‘क्रॉस बॉडी लीड’ नावाच्या प्रकारात बाई त्याच्यासमोरून पलीकडे जाते. त्यात तिची गिरकी जोडली की पाच-सहा-सात या आकड्यांना त्याचा उजवा हात रिकामा. सहाला तर्जनी चष्म्याच्या मधल्या पुलावर, सातला हात परत जागेवर. नंबरी हे घरी आरशासमोर बसवतो. मग होतं असं, की तो तिला सारखाच फिरवायला लागतो. तिला वाटतं, काय जोरकस लीड आहे! वास्तविक त्याला फक्त दिसायचं बंद झालेलं असतं. नव्या बॅचची पोरं भिंतीशी उभी राहून हे बघत असतात. थोड्या दिवसांत त्यांच्यातला एक, दृष्टी ठणठणीत असलेला, सहाव्या आकड्याला भुवयांच्या मधोमध बोट टेकवताना दिसतो. कुणी विचारलं तर सांगतो, ‘स्टायलिंग आहे. न्यूयॉर्कचं.’

गिरकी ही चष्म्याच्या मुळावरच आलेली असते. फिरणाऱ्या बाईचे केस मोकळे असले तर काचा नुसत्या पुसल्या जातात, तेही तेलकट. उंच बांधलेली पोनीटेल असली तर फटका बसतो, आणि बरोबर ठोक्यावर बसतो. ‘कोम्ब’ नावाचा एक नखरा आहे: पुरुषानं तिचा हात आपल्याच डोक्यावरून मागे नेऊन मानेवर सोडायचा. बिनचष्म्याच्या माणसाला हे शोभून दिसतं. नंबरीच्या बाबतीत तिचं ब्रेसलेट काडीत अडकतं आणि चष्मा त्याच्या मानेवरून पाठीमागे पडतो. तो उचलायला वाकावं तर आजूबाजूला टाचांचे बूट घातलेल्या बायका वेगानं मागे येत असतात. त्याची पहिली फ्रेम अशीच टाचेखाली जाते. टाच उचलून ती ‘सॉरी’ म्हणते. ‘जुनीच होती,’ तो म्हणतो. परवाच घेतलेली असते.

मित्र धीर देतात. अंशुमन गायकवाड १९७६ साली चष्मा लावूनच वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभे राहिले की नाही? नरेंद्र हिरवाणीनं १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणाच्या कसोटीत १६ बळी घेतले, ते चष्म्यातूनच ना? नंबरी ऐकून घेतो. हिरवाणीला व्हिव रिचर्ड्सच्या गालाला गाल लावून गोलंदाजी करायची नव्हती, एवढंच म्हणतो. संगीतातले दाखले त्याला जास्त बोचतात. बेनी गुडमन, ग्लेन मिलर, टँगोवाले ओस्वाल्दो पुग्लिएसे. ज्यांनी जगाला नाचवलं ते सगळे चष्मिष्ट. पण ते बसून वाजवत होते किंवा उभे राहून वाजवत होते. दोन्ही परिस्थितींत त्यांच्या नाकासमोर कुणी गिरक्या घेत नव्हतं.

हिंदी सिनेमानं तर या बाबतीत उघड दुष्टावा केला आहे. २००८ सालचा ‘रब ने बना दी जोडी’ आठवा. शाहरुख खानचा सुरिंदर साहनी चष्मा आणि मिशा लावून वीज कंपनीत नोकरी करतो. चष्मा-मिशा उतरवून ‘राज’ झाला की नाचाच्या स्पर्धेत स्वतःच्याच बायकोचा जोडीदार होतो, आणि हा आपला नवरा आहे हे बायकोला ओळखू येत नाही. सगळ्यांनी शाहरुखचं कौतुक केलं. नंबरीचं म्हणणं असं, की डोळे त्या बाईचे तपासायला हवे होते. तरी सिनेमा त्याला झोंबलेला असतोच. चष्मा लावणारा माणूस विजेची बिलं बघतो आणि चष्मा काढणारा नाचतो, हे पडद्यावर एवढं मोठं करून दाखवायची गरज नव्हती.

मग सुरू होतात उपाय. चष्म्याला मागून दोरी लावून होते. दोरीनं चष्मा राहतो, पण माणूस ग्रंथपाल होतो, आणि बचातात छातीपासून कंबरेपर्यंत लाट काढणारा ग्रंथपाल बघायची समाजाची तयारी नाही. काँटॅक्ट लेन्स होतात. एसीच्या झोतात त्या कोरड्या पडतात, डोळे लाल होतात, पाणी येतं, आणि विरहाचं गाणं चालू असलं तर जोडीदारीण गाणं संपल्यावर त्याला बाजूला घेऊन ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारते. रबरी नाकपट्ट्या होतात, कानामागची सिलिकॉनची आकडी होते. पावसाळ्यात आणखी एक संकट: एसीत गार झालेल्या काचा घेऊन तो गच्चीवर हवा खायला येतो, आणि जुलैतली दमट हवा लागताच दोन्ही काचा पांढऱ्याफेक होतात. त्या अवस्थेत तो कुणाशी तरी पाच मिनिटं जिव्हाळ्यानं बोलतो. काचा निवळल्यावर समोर पार्किंगवाला असतो.

‘लेसर करून टाक’ असं सगळेच सांगतात. सगळ्यांत आधी आई सांगते, पण तिच्या हिशेबात नाच नाही. वधूवरांच्या जाहिरातीत ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, चष्मा नाही’ असं छापून यायचं, त्या काळातली ती. ‘अरे, निदान फोटो तरी बिनचष्म्याचा काढ. पुढचं पुढे बघू,’ एवढीच तिची मागणी. नंबरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो. ते कॉर्नियाची जाडी मोजतात आणि मान हलवतात. पातळ आहे, नकोच. ‘कशासाठी करायचं होतं?’ ‘साल्सासाठी.’ डॉक्टर पेन हातात धरून थोडा वेळ थांबतात आणि कागदावर ‘कॉस्मेटिक’ असं लिहितात.

राहता राहिलं उघड्या डोळ्यांनी नाचणं. मायनस सहावाल्यानं चष्मा काढला की हॉल विरघळतो. गिरकी घेताना नजर एका बिंदूवर रोखायची आणि मान सगळ्यात शेवटी फिरवायची, म्हणजे चक्कर येत नाही, हे त्याला शिकवलेलं असतं. पण बिंदू दिसायला हवा ना! त्याला दिसतो तो फक्त दारावरच्या ‘एक्झिट’च्या पाटीचा हिरवा डाग. त्याच्यावर नजर रोखून तो फिरतो. त्यामुळे त्याच्या सगळ्या गिरक्या दाराकडे तोंड करून संपतात आणि जोडीदारणीला दर वेळी वाटतं, हा निघाला.

क्युबन पद्धतीच्या रुएदामध्ये तर याहून वाईट. रुएदात जोड्या गोलात उभ्या राहतात आणि एक जण हुकूम सोडतो. ‘दामे’ म्हटलं की पुढची जोडीदारीण घ्यायची, ‘दामे दोस’ म्हटलं की मधली एक सोडून तिच्या पुढची. गाण्याच्या आवाजात ऐकू यावं कसं, म्हणून हुकूम हातवाऱ्यांनीही देतात. दोन बोटं वर म्हणजे दोस. नंबरीला बोट एक आहे की दोन, हे दिसत नाही, आणि आपल्या शाळांत बोटं वर करण्याचा अर्थ काय होता तेवढाच आठवतो. तो विचार करायला थांबतो. गोल थांबत नाही. क्षणात एका बाईपुढे दोन पुरुष आणि एका पुरुषापुढे कुणीच नाही अशी परिस्थिती होते. तो एक पुरुष कोण, हे सांगायला नको.

इथं त्याच्यातला इंजिनियर जागा होतो. मायनस नंबरचं गणित सोपं आहे: १०० ला नंबरानं भागा, जेवढं उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. दीड नंबरवाल्याला ६७ सेंटिमीटर, तीनवाल्याला ३३, सहावाल्याला जेमतेम १७, म्हणजे वीतभरही नाही. नंबरीनं एक्सेलमध्ये तक्ता मांडला. साल्सात दोन चेहऱ्यांमध्ये सव्वा हाताचं अंतर, म्हणून तो दीडपर्यंतच्यांना. बचाता तीनपर्यंत. सहाच्या घरात गेलेल्या माणसाला विज्ञान एकच नाच सुचवतं: टँगो, तोही मिठीतला. ‘मी टँगोकडे वळलो ते त्यातल्या संगीतामुळे,’ असं तो लोकांना सांगतो. तक्ता कुणाला दाखवत नाही. मला दाखवला, कारण माझा साडेचार आहे आणि मी नाचत नाही.

टँगोच्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. ब्युनोस आयर्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुष बाईच्या खुर्चीपाशी जाऊन विचारत नाही. लांबून बघायचं, नजर भिडली की किंचित मान हलवायची. तिनंही हलवली तर उठायचं. याला ‘काबेसेओ’ म्हणतात. नकार द्यायचा तर तिनं नुसतं दुसरीकडे बघायचं, म्हणजे चारचौघांत कुणाचा पाणउतारा नाही. पद्धत अतिशय सुसंस्कृत आहे. फक्त ती चांगल्या डोळ्यांच्या लोकांनी पाडलेली आहे. शिवाय परक्या बाईकडे लांबून टक लावून बघू नये, या एका वाक्यात नंबरीवरचे सगळे संस्कार येतात. इथं तेच करायचं आणि वर मान हलवायची! त्याच्या कानांच्या पाळ्या तापतात. आणि खरा पेच पुढेच आहे. मिठीत चष्मा नको, पण मिठीपर्यंत पोचायला चष्मा हवा. चष्मा काढून त्यानं एकदा कोपऱ्यातल्या बाईंना फार अदबीनं मान हलवली. उत्तर येईना. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा हलवणार, तेवढ्यात कुणीतरी येऊन ती खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलून नेली. चष्मा लावून हलवली तेव्हा एका सरळ रेषेत बसलेल्या दोघी जणी एकदम उठल्या. आणि चष्मा लावून जोडीदारीण मिळवलीच, तर मिठीच्या वेळी तो ठेवायचा कुठं? शर्टाच्या खिशात ठेवला तर छातीला छाती लागते, नेमकी तिथंच. पँटच्या खिशात ठेवला तर पहिल्याच लांब पावलाला काडी मांडीत घुसते. म्हणून तो नाकावरच राहतो.

टँगोच्या मिठीत दोघांचे उजवे गाल एकमेकांना लागतात. म्हणजे दाब येतो तो उजव्या काडीवर, दर शनिवारी, गाण्यामागून गाणी. लक्ष्मी रोडवरचे चष्मेवाले काका फ्रेम काउंटरच्या काचेवर ठेवतात. डावी बाजू टेकते, उजवी अधांतरी.

‘चष्मा लावून झोपता का, उजव्या कुशीवर?’

‘हो,’ नंबरी म्हणतो.

काका काडी गरम करून सरळ करतात. ‘रोज?’

‘शनिवारी.’

काका आपल्या चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत. लक्ष्मी रोडच्या इतिहासात असे प्रसंग थोडे. पैसे मात्र दोन्ही काड्यांचे घेतात.

आता झुमक्याची हकिगत सांगितलीच पाहिजे. टँगोची गाणी तीन-तीन, चार-चारच्या संचात लागतात. त्या संचाला तांदा म्हणतात. एका तांद्याला एकच जोडीदार, आणि तो संपायच्या आत ‘थँक यू’ म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. तांदा संपला की थोडा वेळ भलतंच काहीतरी वाजतं, ते ऐकून सगळ्यांनी जागेवर जायचं. जोड्यांची रांग हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेनं सरकत असते आणि मध्येच थांबून मागच्यांना अडवणं हा मोठा अपराध. हे नियम तोंडपाठ असलेल्या नंबरीनं एका शनिवारी कुणाच्या तरी केळवणाहून थेट आलेल्या बाईंना मान हलवली. बाईंनी साडी बदलली होती, कानातले झुमके बदलायचे राहिले होते. दुसऱ्या गाण्यात उजव्या झुमक्याचे मोती नंबरीच्या उजव्या बिजागरीत शिरले.

‘काय झालं?’ बाई त्याच्या कानात.

‘झुमका.’

‘कुणाचा?’

‘तुमचाच असावा.’

हात सोडून सोडवावं तर थांबावं लागतं, आणि मागे जोड्यांची रांग. बाईंनी मान हलवली तर कानाची पाळी फाटणार, त्यानं हलवली तर आठ हजारांची फ्रेम. त्यामुळे दोघांनीही माना दगडाच्या केल्या. गिरकी नाही, वळसा नाही, पायांची कलाकुसर नाही. गालाला गाल, श्वास रोखून, फक्त एकामागून एक पावलं. शिक्षक दोन वर्षं घसा फोडून जे सांगत होता, ‘काही करू नका, नुसते चाला’, ते नंबरीकडून पहिल्यांदा घडत होतं. तिसरं गाणं झालं, चौथं झालं. तांदा संपला, भलतंच गाणं लागलं, सगळे आपापल्या खुर्च्यांवर गेले. ही दोघं दिव्याखाली तशीच उभी, गाल न सोडता. हॉल शांत झाला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या संपल्यावर नंबरीचा अस्पष्ट आवाज आला, ‘कुणाकडे केसांची पिन आहे का?’ पुढच्या वर्गात शिक्षकानं त्या चौथ्या गाण्याचा व्हिडिओ लावला. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘याला म्हणतात कनेक्शन.’

बायकांचं चष्म्याच्या बाबतीत बरं असतं, असं नंबरीला वाटतं. टँगोत ‘फॉलो’ करणाऱ्या बऱ्याच जणी डोळे मिटूनच नाचतात. रस्ता बघायची जबाबदारी समोरच्याची, नंबर कितीही असो. त्यांना हे सांगून बघा. डोळे मिटून उलट्या पावलांनी, उंच टाचांवर, ज्याला शाल आणि बाई यांतला फरक कळत नाही त्याच्या भरवशावर हॉलभर फिरायचं, याला बरं कोण म्हणेल? चाळिशी ओलांडलेल्या नंबरींची आणखी वेगळी कथा. त्यांना प्रोग्रेसिव्ह काचा लागलेल्या असतात. वर लांबचं, खाली वाचायचं. पायांकडे बघावं तर वाचायच्या भागातून बघावं लागतं आणि स्वतःचेच बूट दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. ‘खाली बघू नका’ हे शिक्षकांनी सांगून जे साधत नाही, ते या काचा पंधरा दिवसांत साधतात.

नंबरीला खरा गुरू भेटला तो मडगावला, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नात. बँडनं वॉल्ट्झ धरला तसे सत्तरीतले एक अंकल उठले. चष्मा काढला, काड्या मिटल्या, आंटींच्या पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, पर्स टेबलावर ठेवली आणि आंटींना घेऊन उतरले. कुणाला धक्का नाही, ठोका चुकणं नाही, घाम नाही. परत आल्यावर नंबरीनं विचारलं, ‘अंकल, चष्म्याशिवाय दिसतं तुम्हाला?’

‘बायल दिसता,’ अंकल म्हणाले. ‘पुरो.’

नंबरीनं हे फोनमध्ये लिहून घेतलं. पुण्याला परतल्यावर तो मिलोंगात चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर काढून ठेवू लागला. विचारायला चष्मा, नाचायला कट्टा. आणि खोटं कशाला बोला, तसा तो बरा नाचतो. भिंतीवरचा आरसा दिसत नाही. खुर्च्यांवरचे चेहरे दिसत नाहीत. ‘अंग अजून मोकळं नाही झालेलं’ असं म्हणणारा जो एक शेजारी त्यानं जन्मभर स्वतःच्याच डोक्यात बसवून ठेवला होता, त्यालाही काही दिसत नाही. पुढच्या जोडीची पाठ तेवढी अंधूक कळते, आणि रांगेत चालायला तेवढी पुरते.

अडचण एकच. हल्ली सगळेच जाड काळ्या फ्रेमा लावतात आणि कट्ट्यावर रात्री अकरानंतर तशा पाच-सहा मांडलेल्या असतात. चष्मा शोधायला चष्मा लागतो. एका रात्री नंबरी हाताला आला तो घालून घरी गेला, रिक्षानं, आणि दाराचं कुलूप उघडेना तेव्हा त्याला शंका आली. त्यानं ग्रुपवर टाकलं: ‘काळी फ्रेम, उजवी काडी सरळ, कुणाची?’ मध्यरात्री उत्तर आलं: ‘माझी. तुझी माझ्याकडे आहे. उजवी काडी वाकडी.’

रविवारी सकाळी डेक्कनवरच्या एका हॉटेलात भेटून अदलाबदल करायचं ठरलं. दोघंही वेळेवर पोचली. तिचा नंबर अडीच, त्यात सिलिंडर. त्याच्या काचा लावून तिचं डोकं दुखायला लागलं होतं म्हणून तिनं त्या काढून ठेवल्या होत्या. तिच्या काचांतून त्याला सगळी माणसं सारखी दिसत होती. आजवर दोघांनी एकमेकांना पाहिलेलं ते एक तर मंद दिव्यांत, नाही तर वीतभर अंतरावरून. तिचा उजवा कान त्यानं शंभरांतून ओळखला असता. समोरून ती कशी दिसते, याची त्याला काही कल्पना नव्हती.

‘कुठंयस?’ तिनं फोन केला.

‘आलोय कधीचा. खिडकीपाशी बसलोय.’

‘मीपण खिडकीपाशीच आहे.’

‘मग दिसत कशी नाहीस?’

‘तूच दिसत नाहीयेस. हात वर कर.’

त्यानं हात वर केला. तिनंही केला. वेटर पाण्याचे ग्लास घेऊन दोन टेबलांच्या मध्ये उभा होता.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘रविवारची दोन-दोन टेबलं अडवू नका. एक तर तुम्ही तिकडं बसा, नाही तर मॅडमना इकडं बसवा. आणि दोघांनी हात खाली घ्या, ऑर्डर घ्यायला मी आलोय.’